शनिवार सोडून

अलिबागहून आमच्या गावाकडे येणाऱ्या मिनिडोरमध्ये बसल्यावर उतरण्याचे ठिकाण सांगताना गावातले माणूस मारुतीचे देऊळ सांगत नाही, ग्रामपंचायत सांगत नाही, की अलीकडे उभ्या राहिलेल्या आणि रात्री निळ्या दिव्यांनी उजळणाऱ्या रिसॉर्टचे नावही घेत नाही. "थडग्यांपाशी थांबव," एवढेच आम्ही म्हणतो, आणि चालकही मागे वळून न पाहता मान हलवतो. नवख्या पाहुण्याला मात्र हा पत्ता ऐकून दचकायला होते. माझ्या लग्नाच्या बोलणीसाठी येणाऱ्या मंडळींना वडिलांनी पत्राने हाच पत्ता कळवला होता, तेव्हा त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी उलट टपालाने "मुलीचे घर स्मशानाला लागून आहे काय?" अशी चौकशी केली होती. वडिलांनी उत्तर लिहिले की स्मशान गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, ही आमची शेजारची माणसे आहेत. ते वाक्य त्यांनी विनोदाने लिहिले नव्हते, हे मला बऱ्याच वर्षांनी, नोकरी आणि संसार आटोपून माहेरच्या या घरात पुन्हा राहायला आल्यावर उमगले.

ही थडगी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाची आहेत. वस्ती संपते आणि किनाऱ्यावरची सुरूची रांग सुरू होते, त्यांच्या मधल्या किंचित उंचवट्यावर काही गुंठ्यांचा हा तुकडा आहे. पावसाळ्यात भोवतालच्या खाचरांत पाणी साचले की तो बेटासारखा कोरडा राहतो. त्यात एक जुना रायवळ आंबा आहे, पूर्वी दोन होत्या त्यांतली एक उंडी आहे, कडेने भेंडीची झाडे आहेत, आणि दाराशी, म्हणजे जिथे पूर्वी दार नव्हते पण येण्याची जागा होती तिथे, एक दगडी डोणी आहे. सर्वांत जुन्या कबरी म्हणजे डोक्याशी आणि पायाशी रोवलेले जांभ्याचे नुसते चिरे आहेत. त्यांच्यावर एकही अक्षर नाही. त्यांच्या पुढच्या ओळींत चुन्याने बांधलेले बसके चौथरे आहेत, आणि शेवटच्या ओळींत काळ्या दगडाच्या किंवा संगमरवराच्या पाट्या आहेत, ज्यांच्यावर वर हिब्रू, खाली मराठी आणि एखाद्या ठिकाणी सर्वांत खाली इंग्रजी कोरलेले आहे. मी अनेकदा कबरी मोजायला गेले आणि दर वेळी आकडा वेगळा आला, कारण जांभ्याचा चिरा कुठे कबरीचा आहे आणि कुठे नुसताच दगड आहे, हे चार पावसाळे मध्ये गेले की माझे मलाच सांगता येत नाही. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या या किनारपट्टीत, वाढलेल्या माणसाला हा समाज इथे कसा आला ती कथा वेगळी सांगावी लागत नाही, तरी इतरांसाठी थोडक्यात सांगते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चौलच्या बंदराकडे येणारे एक गलबत अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ फुटले आणि त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी या समाजाची परंपरा आहे. ते कधी आले आणि नेमके कोठून आले याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. परंपरेत मात्र जागेबद्दल शंका नाही. वाहून आलेली प्रेते नवगावलाच पुरली गेली, पुरुषांची एकीकडे आणि स्त्रियांची दुसरीकडे, आणि त्या दोन उंचवट्यांपाशी समाजाने पुढे स्मारक उभारले. मी शाळेत ही गोष्ट मुलांना सांगत असे तेव्हा सगळी मुले वाचलेल्या चौदा जणांबद्दलच विचारीत. मला स्वतःला त्या दोन उंचवट्यांचे अधिक वाटते. समुद्रातून ओल्या अंगाने वर आलेल्या चौदा माणसांकडे कुदळ नव्हती हे उघड आहे. ती किनाऱ्यावरच्या कोणीतरी दिली असणार. जमीनही कोणीतरी दाखवली असणार की इथे पुरा. भाषा कळण्याआधी, नाव विचारण्याआधी, ही माणसे कोणता देव मानतात याचा पत्ता लागण्याआधी त्यांच्या मृतांना इथे जागा मिळाली, आणि जिवंतांना मागाहून. ही परंपरा इतिहासाच्या कसोटीला किती उतरते ते मी सांगू शकत नाही, पण शेजाराची गोष्ट म्हणून ती मला पूर्ण पटते.

पुढे ही माणसे तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना 'शनवार तेली' असे नाव पडले. राहत्या गावाच्या नावाला 'कर' जोडून त्यांची आडनावे झाली: नवगावकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, किहीमवरून केहिमकर. ग्रंथ पाण्यात गेले होते आणि हिब्रू बहुतेक विसरली गेली होती. उरली ती 'शेमा इस्राएल' ही एक प्रार्थना, आठव्या दिवशीची सुंता, शनिवारची विश्रांती आणि खाण्यापिण्याचे नियम. अनेक शतकांनंतर डेव्हिड रहाबी नावाच्या एका यहुदी पाहुण्याने त्यांची परीक्षा पाहण्यासाठी बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली, तेव्हा खवले आणि पर असलेले मासे तेवढे त्यांनी शिजवायला घेतले आणि बाकीचे बाजूला सारले, अशी आख्यायिका आहे. कोळंबी, चिंबोरी आणि मुशी डोळ्यांसमोर असताना या किनाऱ्यावर कोणी हात आखडता घेईल, तर त्यामागे धर्मच असला पाहिजे, असा निष्कर्ष त्या पाहुण्याने काढला असेल तर तो मला अत्यंत शास्त्रशुद्ध वाटतो.

आमच्या गावात त्यांची घरे कधीच फार नव्हती. अलिबागला इस्रायल आळी आहे आणि तिथे १८४८ मध्ये स्थापन झालेले, १९१० मध्ये पुन्हा बांधलेले मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर आहे. सणाला आमच्याकडची मंडळी तिकडे जात. पण आजूबाजूच्या चार-पाच वाड्यांमधले माणूस गेले की त्याला आमच्या गावी आणीत. त्यामुळे आमच्या गावात जिवंत इस्रायलांपेक्षा मृत इस्रायलांची वस्ती नेहमीच मोठी होती.

आता जे सांगायचे आहे ते मी कुठे लिहिलेले वाचलेले नाही, पण आमच्या भागातल्या माझ्या वयाच्या बायकांना ते लगेच पटेल. आमच्या स्वतःच्या स्मशानात आम्ही बायका कधीच गेलो नाही. माझी आजी गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. तिला अंगणातून उचलून नेले, आणि त्यापुढे तिचे काय झाले ते मला घरातल्या पुरुषांच्या ओल्या धोतरांवरून कळले. स्मशान म्हणजे खाडीच्या बाजूला दुरून दिसणारा एक पत्रा होता, ज्याच्याकडे पाहू नये असे बजावलेले असे. पण इस्रायलांच्या थडग्यांमध्ये मात्र आम्ही रोज जात होतो. घरामागून निघणारी, वालाच्या शेताकडे आणि पुढे किनाऱ्याकडे जाणारी पाऊलवाट त्या जागेतूनच, चुन्याच्या चौथऱ्यांच्या ओळीला वळसा घालून जात असे. बायका त्या वाटेने गवताचे भारे आणीत, कोळणी टोपल्या घेऊन तिथूनच गावात शिरत, आणि दुपारी टोपली रिकामी झाली की उंडीच्या सावलीत पाय लांब करून बसत. आम्ही मुले दहावीचा अभ्यास तिथे केला आहे, कारण घरात जागा नसे आणि तिथे कोणी हाक मारीत नसे. तिथले मृत आमच्या कुळातले नव्हते, म्हणून त्यांचे सुतक नव्हते, भय नव्हते, आणि त्यांच्यापाशी बसायला कोणी मनाई केली नव्हती. माणूस जमिनीत राहते, त्याच्या डोक्याशी दगड असतो आणि त्या दगडापाशी जाऊन बसता येते, ही गोष्ट आम्हा बायकांना दुसऱ्यांच्या मृतांमुळे ठाऊक झाली. आजी गेल्यानंतरच्या पावसाळ्यात मला तिची फार आठवण आली की मी तिथेच जाऊन, अक्षर नसलेल्या एका चिऱ्यापाशी बसत असे. तो चिरा कोणाचा होता कोण जाणे. त्याने तक्रार केली नाही.

मात्र ही मोकळीक म्हणजे मोकाट सूट नव्हती. आंब्याखाली पडलेला आंबा उचलावा, झाडावर दगड मारू नये, आणि तिथला आंबा विकू तर मुळीच नये. गुरे आत सोडू नयेत, गवत कापून आणावे. बाहेर पडताना डोणीतल्या पाण्याने हात धुवावेत. हा मुळात त्यांचा रिवाज, पण आम्ही शाळेची पाटी घेऊन निघालो तरी हात धूतच निघत असू. आणि शनिवारी तिथे काम काढू नये. वाट चालायला हरकत नव्हती, पण कोयता, खुरपे, कुदळ शनिवारी आत न्यायची नाही, असा आजीचा दंडक होता. का, असे विचारले तर ती म्हणे, "घाणा बंद असतो ना." तिच्या लहानपणी घाणा खरोखरच चालू होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी तेल आणायला पाठवलेल्या मुलीला उशीर झाला तर सोमवारपर्यंत दिव्याची पंचाईत होई, असे ती सांगे. रविवारी का नाही, हे कोडे मी तिला घातले नाही. बहुधा मधला रविवार तिने गोष्ट रंगवण्यासाठी खाल्ला असावा.

माझ्या आठवणीत गावात त्यांचे एकच घर उरले होते, आणि त्या घरातल्या बाईंना आम्ही मावशी म्हणत असू. त्या नऊवारी नेसत, हळदीचे पान घालून पातोळ्या करीत, आणि त्यांच्या तोंडची मराठी माझ्या आजीच्या मराठीपेक्षा अधिक जुन्या वळणाची होती. त्यांच्या सणांची नावे ऐकली तर हा धर्म पश्चिम आशियातून आला आहे यावर विश्वास बसणार नाही: नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, आणि जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्याच्या शोकाचा जो उपवास, त्याचे नाव बिरड्याचा रोजा. दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या मंदिरासाठी अलिबाग तालुक्यात वालाचे बिरडे शिजते, यापेक्षा या समाजाचे अधिक नेमके वर्णन मला तरी करता येणार नाही. वाल आमच्या शेतातून जात. भात कापून झाल्यावर त्याच खाचरात टाकलेले, दवावर वाढलेले ते वाल मोड आणून, सोलून मावशींच्या घरी शिजत, आणि त्यांच्या घरी मलिदा झाला की गोडे पोहे, खोबरे आणि फळांच्या फोडी असलेले ताट आमच्याकडे येई. मलिदा एलियाहू हनाबीच्या नावाने करतात. हा संदेष्टा आपल्या रथातून स्वर्गात जाताना अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर टेकला आणि त्याच्या खुणा तिथे उमटल्या, अशी श्रद्धा आहे. इतक्या दूरच्या संदेष्ट्यालाही आमच्या कातळावर थोडे थांबावेसे वाटले, याचा मावशींना भारी अभिमान होता.

बाकीची घरे केव्हाच उठली होती. अठराव्या शतकापासूनच लष्करातल्या आणि पुढे रेल्वे आणि कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांसाठी माणसे मुंबईला जात राहिली. मशीद बंदर स्टेशनच्या नावातली 'मशीद' म्हणजे सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेले प्रार्थनामंदिर, असे सांगतात, आणि हे दिवेकरही मूळचे आपल्याच किनाऱ्यावरच्या दिवेआगरचे. १९४८ नंतर मुंबईहून पुढे इस्रायलचा रस्ता उघडला. तिथे पोचल्यावर काही वर्षे या लोकांच्या यहुदी असण्यावरच, विवाहाच्या संदर्भात, शंका घेतल्या गेल्या; निदर्शने झाली, आणि १९६४ मध्ये सरकारने त्यांचा बरोबरीचा दर्जा स्पष्टपणे मान्य केला. मावशींच्या दिराचे त्या काळातले एक पत्र आमच्या घरी मोठ्याने वाचले गेल्याचे काकींना आठवते. पुरावा मागतात म्हणजे काय मागतात, हे गावाला कळेना. आमच्या गावात त्यांचा पुरावा डोणीच्या पलीकडे ओळीने झोपलेला होता.

मावशी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अश्दोदला मुलाकडे गेल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी त्या एकट्याच थडग्यांत जाऊन आल्या आणि येताना आमच्या काकींकडे थांबल्या. "आमच्या माणसांवर नजर ठेवा," असे त्या म्हणाल्या, आणि काकींनी "बरं," म्हटले. एवढाच करार झाला. त्याला साक्षीदार नाही, कागद नाही, आणि काकी आज पंचाऐंशीच्या घरात असूनही तो संपल्याचे त्यांच्या मनात नाही.

गावच्या शेजाराने एखादी जागा कशी टिकते याची मला पूर्वी फार भाबडी कल्पना होती. मला वाटे की आदरामुळे टिकते. आता वाटते की वाटेमुळे टिकते. रोज चार माणसे तिथून जात होती, म्हणून कुठे चौथरा खचला, कुठे साळिंदराने उकरले, कुठे पाटी पडली, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असे. मुरुडजवळ खोकरीला सिद्दींचे भव्य दगडी मकबरे आहेत, रत्नागिरीला १९१६ मध्ये तिथेच मरण पावलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाचे थडगे आहे, आणि दोन्ही ठिकाणी मी गेले आहे. खोकरीच्या घुमटांचे कोरीवकाम पाहून माणूस थक्क होतो, थिबाच्या थडग्यापाशी मन उदास होते, पण दोन्हीकडे माणूस पाहायला जातो आणि पाहून परत येतो. आमच्या थडग्यांना पाहायला कोणीच जात नसे. सगळे तिथून जात असत, हा फरक आहे.

मग ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. आमच्याकडे ज्यांनी ते पाहिले त्यांना अजून वाऱ्याचा आवाज वाढला की पोटात गोळा येतो. दुपारी एका तासात पिढ्यांच्या वाड्या झोपल्या. माड मुळासकट आडवे झाले, पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, कौले आणि पत्रे खाचरांत जाऊन पडले. दोन उंडींपैकी एक पडली ती नेमकी जांभ्याच्या जुन्या गडग्यावर, आणि किनाऱ्याकडची सुरूची झाडे कबरींवर. कित्येक दिवस वीज नव्हती. घरे शाकारून, विहिरी उपसून झाल्यावर, कोणी बैठक न बोलावता, वाडीतली दहा-बारा माणसे कोयते घेऊन तिकडे गेली. मोठे खोड करवतून बाजूला करायला दोन रविवार लागले. फुटलेल्या तीन पाट्यांचे तुकडे काकींच्या पडवीत आणून ठेवले होते, प्रत्येक तुकड्यावर खडूने ओळ आणि जागा लिहून.

गडगा पडला आणि जागा रस्त्यावरून दिसू लागली, इथून खरी भानगड सुरू झाली. जोपर्यंत भोवती झाडी होती तोपर्यंत ती थडगी होती. झाडी गेल्यावर ती समुद्र दिसणारी, रस्त्याला लागून असलेली, उंचवट्यावरची जमीन झाली. मुंबईहून लाटेसारख्या येणाऱ्या बंगल्यांमुळे आमच्याकडे गुंठ्याचा भाव आता शेतकऱ्याच्या तोंडून नीट उच्चारलाही जात नाही. सहा महिन्यांत दोन अनोळखी गाड्या येऊन थांबल्या, कोणीतरी फोटो काढले, आणि एका सकाळी कोपऱ्यातल्या दगडावर चुन्याची ताजी खूण दिसली. मोजणी कोणी मागवली होती ते शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही. गावाचे नाव मी लिहिले नाही ते यासाठी.

तेव्हा समाजाच्या मुंबईतल्या मंडळींशी पत्रव्यवहार झाला, सातबाऱ्याचे उतारे काढले गेले, वर्गणी जमली आणि भिंत बांधायचे ठरले. इथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की भिंतीला माझा सुरुवातीला विरोध होता आणि तो चुकीचा होता. भिंत नसती तर आज तिथे काय असते याचा विचारही करवत नाही. पण भिंतीचा आराखडा आला त्यात एकच लोखंडी दरवाजा होता, रस्त्याच्या बाजूला, आणि मागची वाट बंद होत होती. वाडीतल्या बायका एकदम उसळल्या. त्यांची तक्रार साधी होती: शेतावर जायला आता अर्धा मैल वळसा घालावा लागेल. पुरुषांनी समजावले की धार्मिक जागा आहे, तिच्यातून रहदारी शोभत नाही. त्यावर काकींनी विचारले, "शोभत नव्हती तर मावशी इतकी वर्षे कशी बोलली नाही?"

दफनभूमीतली भिंत हा विषय या समाजाला नवा नाही. मुंबईत १८३६ मध्ये बगदादहून आलेल्या यहुद्यांनी, सामाईक दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालावी, अशी मागणी सरकारकडे केली होती. एकाच देवाच्या, एकाच प्रार्थनेच्या माणसांना मेल्यावरही शेजार नको होता. हे मी एका बैठकीत बोलून दाखवले तेव्हा त्याचा आमच्या वाटेशी काय संबंध, असे एका तरुणाने विचारले, आणि ते योग्यच होते. मला एवढेच म्हणायचे होते की भिंत कुठे घालायची हे ठरवताना ती कोणाला बाहेर ठेवते ते आधी पाहावे. शेवटी मुंबईच्या मंडळींनीच मार्ग काढला. मागच्या बाजूला माणूस जाईल पण गाडी आणि गुरे जाणार नाहीत असे अरुंद, वळणाचे फाटक ठेवले, आणि पुढच्या दरवाजाची एक किल्ली त्यांच्याकडे आणि एक काकींकडे राहिली. हिब्रूत दफनभूमीला 'बेथ हायिम', म्हणजे जिवंतांचे घर, असेही म्हणतात, हे त्यांच्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी तेव्हा सांगितले. काकींना ते मुळीच नवलाचे वाटले नाही.

किल्ली आल्यापासून पाहुणे आमच्याकडे चौकशीला येतात. बहुतेक जण हिवाळ्यात येतात. दोन वर्षांपूर्वी इस्रायलहून एक तिशीचा तरुण आला होता. त्याच्या मोबाइलमध्ये एका जुन्या कागदाचे छायाचित्र होते आणि त्यावर आमच्या गावाचे नाव. त्याला मराठी म्हणून आजी, पोहे, चल आणि गप्प बस एवढे चार शब्द येत होते. जागेवर जाऊन आम्ही ओळींमधून हिंडलो, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत त्याला हवी असलेली पाटी सापडली. वर हिब्रूच्या चार ओळी आणि खाली मराठीच्या पाच. त्याला वरचे वाचता येत होते, खालचे येत नव्हते. माझे नेमके उलटे होते. शेजारी शेजारी उकिडवे बसून आम्ही ती पाटी वाचली. हिब्रूत तिचे नाव, बापाचे नाव, अव्ह महिन्यातली तिथी आणि शेवटी पाच सुटी अक्षरे होती. तिचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो, अशा अर्थाच्या वाक्याची ती आद्याक्षरे, असे त्याने इंग्रजीतून समजावले. मराठीत तेच नाव 'बाई' लावून आले होते, सासरच्या गावाचे नाव होते, आणि पुढे लिहिले होते: वय वर्षे २२, बाळंतपणात मयत. हे वरच्या भागात नव्हते. मी त्याला सांगितले तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही, आणि मग त्याने मूल जगले का ते विचारले. ते दगडावर नव्हते.

इथून काही मैलांवर आक्षीला शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख आहे. दगडावरच्या मराठीचा इतका जुना नमुना, आणि तो कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस खात उभा होता. आम्ही त्याच्या शेजारून एसटीने शाळेत जात असू. मराठी दगडावर कोरायची आणि मग त्या दगडाकडे बघायचे नाही, ही आमच्या किनाऱ्याची जुनी खोड आहे. त्या तरुणासाठी मी ज्या पाच ओळी वाचल्या त्या रोजच्या वाटेपासून दहा पावलांवर होत्या आणि साठ वर्षांत मी त्या वाचल्या नव्हत्या. अभ्यास मात्र तिथे बसून केला होता. त्यानंतर मी एक वही केली आहे आणि दर थंडीत काही पाट्या उतरवून घेते. हिब्रूची छायाचित्रे त्या तरुणाकडे पाठवते. तो अर्थ कळवतो. कधी महिनाभर उत्तर येत नाही. तिथे काय चालले आहे ते बातम्यांत दिसते, तेव्हा मी आठवण करीत नाही.

त्या दिवशी निघताना त्याने पाटीवर एक खडा ठेवला, कारण त्यांच्यात भेट दिल्याची खूण म्हणून खडा ठेवतात. काकींनी परसातली जास्वंद नेली होती, ती त्यांनी खड्याशेजारी ठेवली, आणि मग जरा विचार करून एक खडाही ठेवला. डोणीत पाणी नव्हते, म्हणून मी घरून तांब्या आणला आणि तिघांनी हात धुतले.

यंदाच्या मे महिन्यात उरलेल्या उंडीची एक फांदी वाळून कबरींवर लोंबकळू लागली. मृग लागण्याआधी ती उतरवायला हवी होती. आमच्या वाडीत आता झाडावर चढणारे कोणी राहिलेले नाही, म्हणून पेट्रोलवरच्या करवतीचे काम करणाऱ्या, बाहेरगावाहून आलेल्या एका मुलाला बोलावले. त्याने वर पाहिले, दर सांगितला, आणि शनिवारी सकाळी मोकळा आहे, दोन तासांत काम उरकून देतो, म्हणाला. काकी पडवीत वाल सोलत बसल्या होत्या, त्यांनी मान वर न करता सांगितले, "शनिवार सोडून कधीही ये."

त्याची रविवारी दोन कामे होती आणि सोमवारपासून पाऊस सांगितला होता. गावात तर त्यांचे कोणी दिसत नाही, मग शनिवारी काय अडचण आहे, असे त्याने मला बाजूला घेऊन विचारले. उत्तर काकींनीच दिले.

"त्यांची सुट्टी असते," त्या म्हणाल्या.